अठ्ठावीस खुणांची बाटली

कुंभकोणातल्या मेलकावेरीच्या दवाखान्यात औषध घ्यायला येणाऱ्यांना जानकीरामरावांची एक सवय ठाऊक होती. बाटली हातात आली की ते ती आधी उलटी करीत, तळावरून अंगठा फिरवीत, आणि मगच कात्री उचलीत. दोन औंसाची इवलीशी बाटली असो की बारा औंसाची, अंगठा फिरायचाच. दवाखान्याच्या बाटल्यांचे बूड सपाट, त्यात पाहायचे ते काय? नवे लोक हसत. जुने लोक हसत नसत, कारण त्यांना मीनाक्षीबाई आठवत.

जानकीरामराव त्या दवाखान्यात बावीस वर्षे कंपाउंडर होते. त्यांचे पूर्वज मराठा राजांच्या काळी तंजावरला आले आणि तिथून कुंभकोणात. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ, सकाळी कपाळावर गोपीचंदन आणि देवघरात काळा विठोबा. दवाखान्यात त्यांचे मुख्य काम मिक्श्चर करून बाटलीत भरणे आणि त्या बाटलीवर खुणांची पट्टी चिकटवणे. आता त्या पट्ट्या फारशा दिसत नाहीत, म्हणून सांगते. कागदाची बोटभर रुंद पट्टी घ्यायची, सारख्या घड्या घालायच्या, कडेने कात्रीने दाते पाडायचे, घड्या उलगडल्या की सारख्या अंतरावर खुणा तयार. ती बाटलीला खळीने चिकटवली की अडाण्यालाही कळते, एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत एक वेळचे औषध. सहा औंसाच्या बाटलीत सहा, आठ औंसाच्या बाटलीत आठ. जानकीरामरावांच्या खुणा इतक्या नेमक्या असत की डॉक्टर वैद्यनाथ गमतीने म्हणायचे, "माझे औषध चुकेल, रावांची खूण चुकायची नाही."

त्या वर्षी त्यांच्या पत्नीला, मीनाक्षीबाईंना, विषमज्वर झाला. सन चौपन्नच्या सुमारास म्हणा. ताप एकवीस दिवसांनी उतरला, पण बाई काही उठेनात. मूलबाळ नव्हते, घरात ही दोघे आणि शेजारी भिंतीला भिंत लावून सुब्बलक्ष्मी, तमिळ विधवा बाई, तोंडाने फटकळ आणि हाताने मऊ. रसमभात कालवून पुढे ठेवला तर मीनाक्षीबाई दोन घास खात आणि तिसरा तोंडातच धरून बसत. गिळता येत नसे. चाळीस वर्षांची बाई, मनगट पाहावे तर पाच वर्षांच्या मुलीचे.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, छातीला नळी लावली आणि ओसरीवर येऊन सांगितले, "राव, ज्वर गेला, पण हृदय थकले आहे. आता औषध म्हणजे अन्न. जेवली तर जगेल. अन्नावर वासना येण्यासाठी पोर्ट वाईन द्या. दोन्ही जेवणांआधी एक एक औंस."

जानकीरामरावांनी विचारले, "दुसरे काही नाही, डॉक्टर?"

"दुसरे सगळे तुम्हीच तर बाटलीत भरून देत होतात. लागू पडले?"

ते खरेच होते.

"दारूबंदी आहे," जानकीरामराव म्हणाले.

"औषधासाठी परमिट मिळते. मी लिहून देतो. बाईंना मात्र तुम्ही समजवा, ते माझ्याच्याने व्हायचे नाही."

परमिट मिळाले. त्यावर लिहिलेले होते: तीस दिवसांस एक बाटली. शिवाय अट, की दारू मूळ बाटलीतच लेबलासकट ठेवावी, दुसऱ्या भांड्यात काढून ठेवू नये. किती औंसाची बाटली, ते कोठेच नव्हते.

परमिटावर माल देणारे दुकान तंजावरात. तिथे स्वामीनाथ नावाचा गृहस्थ बसे. काउंटरवर त्याने हिरव्याकाळ्या काचेची उंच बाटली ठेवली.

"किती औंस?" जानकीरामरावांनी विचारले.

"सव्वीस. सगळे बाटली मागतात, औंस विचारणारे तुम्ही पहिले. दवाखान्यातले काय?"

"कंपाउंडर." त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला. रोज दोन औंस, म्हणजे तेरा दिवस. "तेरा दिवसांत संपेल. पुढे सतरा दिवस काय करू?"

"ते परमिट लिहिणाऱ्याला विचारा."

"विचारले. ते म्हणाले, सर्वांना एकच."

स्वामीनाथने त्यांच्या कपाळावरचे गोपीचंदन पाहिले. मग पुढे वाकून म्हणाला, "बाटल्या तीन आकारांच्या येतात, सामी. अर्धी, तेरा औंसाची. ही पुरी. आणि एक मोठी, दोन बाटल्यांची एक, बावन्न औंस. तुमच्या कागदावर नुसते 'एक बाटली' आहे. मोठी असती तर तीच दिली असती, एक ती एकच. पण ती वर्षातून एखाददुसरी येते."

"आली तर मजसाठी ठेवाल?"

"ठेवीन. ही घ्या आता."

जानकीरामरावांनी खांद्यावरचा पंचा काढला, बाटलीच्या मानेला गुंडाळला आणि मानेला धरूनच ती पिशवीत सोडली. उघड्या हाताने तिला शिवायचे नाही, असे त्यांनी घरून निघतानाच ठरवले होते. परतीच्या बसमध्ये पोलीस शिपाई चढला आणि नेमका त्यांच्या शेजारी बसला. परमिट खिशात होते, तरी कुंभकोणापर्यंत त्यांनी नामस्मरण थांबवले नाही. उतरताना शिपाई म्हणाला, "काय हो ऐयर, पोट दुखते का? घाम किती आला आहे."

घरी मीनाक्षीबाईंनी उशीवरून मान वळवली. "मिळाली?"

"औषध मिळाले."

"औषधास पंचा गुंडाळावा लागतो होय?"

जानकीरामरावांनी पिशवी खाली ठेवली. मीनाक्षीबाईंनीच मग विचारले, "द्राक्षांची असते ना?"

"द्राक्षांचीच."

"डॉक्टर म्हणाले, न घेतले तर?"

"न जेवलीस तर म्हणाले."

बाईंनी डोळे मिटले. देवघरातल्या विठोबाला विचारीत असाव्यात. मग एकेक करून अटी सांगितल्या. बाटली स्वयंपाकघरात नको, देवघराच्या भिंतीलाही नको. मागल्या पडवीत विहिरीकडच्या कोनाड्यात ठेवा. पितळेच्या, चांदीच्या कोणत्याही भांड्यात ओतू नका. केळीच्या पानाचा द्रोण करा, प्यायले की टाकून द्या. "आणि एकादशीस नको. एकादशीस मी पाणी घेत नाही, ते कसे घेऊ?"

"अगे, अशा अशक्तपणात एकादशी?"

"ज्वरातही मोडली नाही ना? तर आता बरी होताना मोडू?"

जानकीरामरावांनी पुढे आग्रह केला नाही. ते स्वतः एकादशी करीत होते.

मग ते हिशेबाला बसले. उद्या प्रतिपदा, प्रतिपदेपासून अमावास्येपर्यंत तीस दिवस. त्यातून दोन एकादशा वजा, राहिले अठ्ठावीस. रोज दोनदा काही पुरत नाही, एकदाच द्यायचे, दुपारच्या जेवणाआधी. सव्वीस औंसाचे अठ्ठावीस भाग, म्हणजे औंसाला किंचित कमी. संध्याकाळचे विठोबा पाहील. दुपारी ते दवाखान्यात असत, आणि औंसाचा ग्लास दवाखान्यात एकच. तेव्हा ओतायचे सुब्बलक्ष्मीने, आणि तिला अक्षरओळख नव्हती. म्हणजे खुणांची पट्टी आलीच.

बाटलीची मान अरुंद, तिथे खुणा लांब पडतात, हे त्यांना ठाऊक होते. औषधाच्या बाटल्यांनाही मान असतेच. म्हणून एका संध्याकाळपुरता दवाखान्यातला ग्लास मागून आणून मानेतले दोन भाग त्यांनी त्यात मोजून घेतले, खुणा केल्या, आणि पुन्हा बाटलीत ओतले. खांद्यापासून तळापर्यंत मात्र सरळ सव्वीस सारखे दाते. बाटली कोनाड्यात उभी, लेबल भिंतीकडे, पट्टी पुढे. पट्टी चिकटवताना मान पंच्यात धरलेली होती. तळाला त्यांनी हात लावला नाही.

सुब्बलक्ष्मी दुसऱ्या दिवशी पट्टी पाहून म्हणाली, "अण्णा, ही बाटली की सापाची पाठ? किती हे पट्टे!"

"रोज एक पट्टा. जास्त नाही, कमी नाही."

"जास्त कशाला देईन? तिला चढली तर माझ्या अंगणात नाचायला येईल."

मीनाक्षीबाई कितीतरी दिवसांनी हसल्या. सुब्बलक्ष्मीने द्रोण ओठांशी धरला, त्यांनी 'विठ्ठल' म्हणून डोळे मिटून गिळले, तोंड वाकडे केले. त्या दिवशी तीन घास गेले.

संध्याकाळी जानकीरामराव आले की सुब्बलक्ष्मी भिंतीवरून ओरडून सांगे, "आज चार!" "आज पाच, आणि लिंबाचे लोणचे मागितले!" दवाखान्यात पट्टी कातरताना त्यांचे कान दुपारपासून त्या आकड्याकडे लागलेले असत. पहिली एकादशी आली, गेली. द्वादशीला पारणे सूर्योदयानंतर लगेच, तेव्हा त्या दिवशीचे माप त्यांनी स्वतः ओतले. पंचा मानेला, डावा हात पंच्याखाली. त्या दिवशी सहा घास. विसाव्या दिवशी नऊ. पंचविसाव्या दिवशी सुब्बलक्ष्मी ओरडलीच नाही, स्वतः दारात आली. "अकरा. आणि म्हणाली, मीठ कमी होते. अण्णा, जी बाई मीठ कमी म्हणते ती जगते."

जानकीरामरावांनी देवापुढे नारळ ठेवला.

सव्विसाव्या दिवशी दुसरी एकादशी. मीनाक्षीबाईंनी पाणीसुद्धा घेतले नाही. डॉक्टरांना कळले तेव्हा ते दवाखान्यात सर्वांदेखत ओरडले, "राव, तुम्ही तिला मारता आहात!" जानकीरामराव म्हणाले, "मी सांगून पाहिले, डॉक्टर." खरोखरच त्यांनी सांगून पाहिले होते. तीनदा. तिसऱ्यांदा बाई म्हणाल्या होत्या, "तुम्ही जेवणार असाल तर मी घेते." आणि त्यांनी एकादशी मोडली नव्हती.

द्वादशीला उजाडता बाईंचे ओठ कोरडे, डोळे खोल. तुळशीचे तीर्थ जिभेवर ठेवले, ते गिळले. "द्या आता," त्या म्हणाल्या. "आज भूक आहे."

जानकीरामराव पडवीत गेले. पट्टीवर चार खुणा उरलेल्या: आजची, त्रयोदशीची, चतुर्दशीची, अमावास्येची. बाटली उजेडाकडे धरली, पातळी बरोबर चौथ्या खुणेवर. त्यांनी द्रोण खाली धरून ओतले. एक खूण उतरली, द्रोणाचा तळ तेवढा झाकला गेला. माप अर्धेही नाही. हात चुकला असेल म्हणून आणखी ओतले. दुसरी खूण उतरली, तरी द्रोण भरेना. मग काहीतरी त्यांच्या लक्षात आले. पंचा खाली पडला. उघड्या हाताने त्यांनी बाटलीचा तळ चाचपला, आणि अंगठा आत गेला. सबंध अंगठा, पेऱ्यापेऱ्याने, जणू बाटलीच्या पोटात कोणी काचेचा भोवरा उलटा घालून ठेवला होता.

ते तिथेच पायरीवर बसले. सारख्या उंचीचे दाते कातरले होते त्यांनी, आणि खालच्या दात्यांमागे दारूच नव्हती, काच होती. चार खुणांत मिळून जेमतेम दीड दिवसाचे माप. जे तळाला कमी पडले ते वरच्या खुणांनी रोज थोडे थोडे जास्त देऊन टाकले होते. कोणी चोरले नव्हते, कोठे सांडले नव्हते.

सुब्बलक्ष्मी विहिरीवर आली होती. तिने बाटली पाहिली, त्यांच्याकडे पाहिले. "काय झाले?"

"तळ आत आहे."

"हो, आहे की. कोनाडा पुसताना माझे बोट गेले होते आत."

"मज सांगितले का नाही?"

तिच्या हातातली घागर तशीच राहिली. "तुम्ही औषधवाले, अण्णा. मला वाटले, तुम्ही ते धरूनच खुणा केल्या असतील."

एक माप त्यांनी मीनाक्षीबाईंना दिले. नऊ घास गेले. उरलेले अर्धे बाटलीत ठेवले आणि पहिल्या बसने तंजावर गाठले.

स्वामीनाथने त्यांना दारातच ओळखले. तोंड भरून हसला. "या, या! तुमची आठवण काढत होतो. पाहा." काचेच्या कपाटात वरच्या फळीवर ती उभी होती. तशीच काच, तशीच मान, पण रुंदीला दोन्ही हातांनी धरावी एवढी. बावन्न औंस. "परवा आली. एकाने मागितली, मी म्हटले, कुंभकोणच्या कंपाउंडरची आहे."

जानकीरामरावांनी परमिट पुढे केले. स्वामीनाथने तारीख वाचली आणि त्याचे हसू गेले.

"अजून चार दिवस आहेत, सामी."

"बाई आजारी आहे."

"ते दिसते आहे मला. पण माझ्या वहीवर तारीख पडते. चार दिवस आधी दिली तर माझे दुकान जाईल, आणि तुमचे परमिटही. मग पुढे कधीच मिळणार नाही."

"औंसभर द्या. तीन औंस द्या. औषधाच्या बाटलीत."

"फोडून कशी देऊ? सील आहे."

जानकीरामराव कपाटाच्या काचेसमोर उभे राहिले. बाटली हातभर अंतरावर होती. तिथूनही त्यांना दिसत होते, की हिचा तळ पहिलीपेक्षाही खोल आत गेलेला आहे. स्वामीनाथने त्यांना बसायला स्टूल दिले, पाणी देऊ केले. त्यांनी ते घेतले नाही. परतीच्या बसमध्ये पिशवी रिकामी होती, शेजारी कोणी पोलीस नव्हता.

त्रयोदशीला त्यांनी उरलेल्या अर्ध्या मापात लवंग आणि गुळाचे पाणी घालून द्रोण भरला. इतक्या वर्षांत डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यांनी कितीतरी जणांना रंगीत पाणी बाटलीत भरून दिले होते, आणि लोक त्याने बरेही झाले होते. मीनाक्षीबाईंनी एक घोट घेतला आणि द्रोण खाली केला.

"आज पातळ लागते."

"तळाचे असेच असते."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिले. तेवीस वर्षांच्या संसारात हा माणूस खोटे बोलला की डावा कान चोळतो, हे त्यांना ठाऊक होते. "तळ लागला?"

त्यांनी कानावरचा हात काढला. "माझी खूण चुकली."

"एवढेच ना? चुकते माणसाचे." बाईंनी उरलेले पिऊन टाकले. "गोड केले आहे. चांगले लागते." त्या दिवशी पाच घास गेले, आणि पाचवा केवळ आपल्यासाठी गेला, हे जानकीरामरावांना दिसत होते.

चतुर्दशीला चार. अमावास्येला दोन. तिसरा तोंडात धरून त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. सुब्बलक्ष्मीने भिंतीवरून आकडा सांगितला नाही.

त्या दिवसांत संध्याकाळी जानकीरामराव पडवीत बसून रिकाम्या बाटलीत पाणी भरीत. दवाखान्यातून ग्लास आणलेला असे. एक औंस ओतायचा, खूण करायची. दुसरा ओतायचा, खूण करायची. तळाच्या खुणा किती दूर दूर पडतात, वर जाता जाता कशा जवळ येतात, हे सगळे त्यांनी पाठ केले. रिकाम्या बाटलीवर आता सव्वीस बरोबर खुणा होत्या.

"त्यात काय भरणार आता?" सुब्बलक्ष्मीने विचारले. टोमणा नव्हता तो.

"काही नाही," ते म्हणाले.

एकतिसाव्या दिवशी मोठी बाटली घरी आली. या वेळी पंचा नव्हता. उघड्या तळव्यावर तिचे बूड तोलून ते बसमधून आले, अंगठा आतल्या खळग्यात. घरी त्यांनी आतला खळगा मोजून, पाठ केलेल्या अंतरांच्या हिशेबाने छप्पन्न खुणांची पट्टी कातरली. दोन एकादशा वजा जाता अठ्ठावीस दिवस, रोज दोन वेळा, डॉक्टरांनी सांगितले होते अगदी तसे.

"एवढी मोठी!" मीनाक्षीबाई म्हणाल्या. "किती दिवसांची?"

"महिन्याची. दोन्ही वेळची."

"मजपेक्षा तीच जास्त दिवस राहील."

"असे अभद्र बोलू नये."

"बरे, नाही बोलत. ओता."

त्यांनी ओतले. द्रोण बरोबर भरला, थेंब इकडे की तिकडे नाही. बाईंनी नाव घेऊन गिळले. त्यांनी रसमभाताचा पहिला घास भरवला, दुसरा भरवला. तिसरा बराच वेळाने गेला. चौथा हातात घेऊन ते बसले होते, आणि भात बोटांवर वाळत होता.

डॉक्टर येऊन पाहून गेले. ओसरीवर हात धुताना म्हणाले, "राव, मनाला लावून घेऊ नका. हृदयच उरले नव्हते. त्या चार दिवसांनी काही बिघडले असे मी म्हणणार नाही."

"बिघडले नाही, असेही म्हणत नाही ना?" जानकीरामरावांनी विचारले. डॉक्टरांनी हात पुसले आणि बॅग उचलली.

दहा दिवस दोन्ही वेळा माप गेले. अकराव्या दिवशी एकादशी होती. मीनाक्षीबाईंनी त्या दिवशीही काही घेतले नाही. पण या वेळी कोणी आग्रह केला नाही, कारण त्यांना विचारलेले कळत नव्हते. दिवस कलता त्या गेल्या. अग्रहारातल्या, ब्राह्मण आळीतल्या बायका म्हणाल्या, पुण्यवान हो, एकादशीस गेली, वैकुंठाचे दार उघडे. जानकीरामराव मान हलवीत होते. त्यांचाही यावर विश्वास होता. माझाही आहे. पण त्यांचे डोळे पडवीकडच्या कोनाड्यात होते, हे सुब्बलक्ष्मीने पाहिले.

तेरा दिवसांनंतर ते बाटली घेऊन तंजावरला गेले. ज्याच्या नावाचे परमिट तो माणूस गेला की उरलेला माल दुकानी परत द्यायचा असतो, असे स्वामीनाथने पूर्वीच सांगितले होते. त्याने बाटली काउंटरवर घेतली. मग वही उघडली.

"किती उरली म्हणून लिहू?"

"छत्तीस खुणा."

स्वामीनाथने बाटली उजेडाकडे धरली. पट्टीचे दाते खाली खाली दूर होत गेलेले पाहून त्याच्या कपाळाला आठी पडली. "या खालच्या खुणा वाकड्यातिकड्या वाटतात. सारख्या नाहीत."

"बरोबर आहेत," जानकीरामराव म्हणाले. "अगदी तळापर्यंत बरोबर आहेत."